गृहलक्ष्मीचे दोन हजार आणि रोजातले एकशेवीस : उद्यमबागेतील एका फौंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेतली ही एक लहान फौंड्री. ग्रे आयर्नची कास्टिंग, महिन्याला सुमारे ६० टन माल, सरासरी भाव १२० रुपये किलो. मालक दोघे भाऊ. थोरला शॉप पाहतो, धाकटा हिशेब. हजेरीपटावर २२ कामगार; शिवाय कोअर शॉप आणि छाटणीवर (ओतलेल्या कास्टिंगची साफसफाई) १२ बायका, त्या ठेकेदारामार्फत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. सरकारी दर दरवर्षी बदलतो, त्यामुळे इथला ५०० रुपयांचा रोज हिशेब समजण्यापुरता धरावा.

कोअर शॉपचं काम नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, मिश्रण कोअर-बॉक्समध्ये ठासायचं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून ते घट्ट करायचं. गॅस कमी पडला तर कोअर मऊ राहते, जास्त झाला तर कडा भुरभुरतात. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात तयार कोअर ओल धरते. ती तशीच साच्यात बसवली तर ओतताना वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे वायूची भोकं, पडतात. हाताला हे सगळं कळायला तीन-चार महिने जातात. तरीही कागदावर या बारा जणींची नोंद 'अकुशल' अशीच होती.

बारापैकी नऊ जणी येळ्ळूर, मच्छे आणि खानापूरकडच्या गावांतल्या, तीन जणी सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या. रोज ३८० रुपये, रोख. ठेकेदाराला डोईमागे २० रुपये वेगळे. पीएफ नाही, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, बोनस नाही. महिन्याला साधारण २० तास ओव्हरटाइम, तोही साध्या दराने.

अडचण

कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला बदलतो. एप्रिल २०२४ मध्ये हजेरीपटावरच्या कामगारांच्या पगारात तो वाढला, तेव्हा कोअर शॉपमधल्या सर्वांत जुन्या मावशींनी थोरल्या भावाला विचारलं, "अण्णा, आमचं काय?"

अण्णांचं उत्तर बेळगावात हल्ली बऱ्याच शेडमध्ये ऐकू येतं : "सरकार महिन्याला दोन हजार देतंय, बस फुकट आहे, तांदूळ आहे. आणि आम्हीच किती द्यायचं?"

हे बोलणं वाईट हेतूचं नव्हतं. थोरल्या भावाला खरोखरच वाटत होतं की बायकांचं भागतंय. आकडे मांडल्यावर मात्र चित्र उलटं दिसलं. त्या उद्योगाचा, त्या झोनचा अकुशल दर महागाई भत्त्यासह ५०० रुपये होता. म्हणजे रोजची तूट १२०, २६ दिवसांची ३,१२०. सरकार घरात २,००० घालत होतं आणि त्याच घरातून ३,१२० रुपये शेडमध्येच अडकून राहत होते.

हे दोन हजार म्हणजे कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना; ती ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. तिचा हप्ता शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या स्त्रीच्या खात्यात जमा होतो. नऊपैकी पाच घरांत ती स्त्री म्हणजे सासू. "येतंय ते आत्तीच्या खात्यात. मला त्यातलं काय दिसतंय?" असं एकीने सरळ सांगितलं. चंदगडच्या तिघींना तर यातलं काहीच नव्हतं. कर्नाटकच्या रहिवासी नसल्याने शक्ती योजनेतला मोफत प्रवासही नाही; त्या वडापने (शेअर जीपने) येत आणि रोजचे ६० रुपये स्वतःच्या खिशातून भरत.

मे महिन्यात मालकांनी तोडगा सुचवला. ज्यांना गृहलक्ष्मी मिळते त्यांना २० रुपये वाढ, मिळत नाही त्यांना ४०. वरवर न्याय्य वाटणारा हा तोडगा या प्रकरणातला सर्वांत घातक क्षण ठरला असता. एकाच टेबलावर, एकाच कोअर-बॉक्सवर काम करणाऱ्या दोघींचा रोज आता त्यांच्या शिधापत्रिकेवरून ठरणार होता. मावशींनी नकार दिला. पुढे जुलै २०२४ पासून महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये देणं सुरू केलं. तोडगा मान्य झाला असता तर चंदगडच्या तिघींचे वाढीव २० रुपये तेव्हा परत काढून घ्यायचे होते काय?

तोलून पाहिलेले पर्याय

जूनमध्ये धाकट्या भावाने पीएफ-ईएसआयचं काम पाहणाऱ्या सल्लागाराला बसवून घेतलं. पहिल्याच बैठकीत एक चूक सापडली. हिशेबनीसाने मासिक १३,००० ला ३० ने भागून 'रोज ४३३ पुरे' असं काढलं होतं. साप्ताहिक सुट्टीचा पगार मासिक दरात धरलेला असतो, त्यामुळे रोज काढायला २६ ने भागायचं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अधिसूचनेतला फक्त मूळ दर पाहणं आणि महागाई भत्ता विसरणं. आपला दर शोधताना चार गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात : उद्योग कुठल्या अनुसूचीत आहे, झोन कुठला, कामाचा वर्ग कुठला, आणि चालू वर्षाचा महागाई भत्ता किती.

पहिला पर्याय होता आहे तसंच चालू ठेवायचं आणि सरकारी मदतीवर भिस्त ठेवायची. यामागचा विचार जुना आहे आणि जगभर मांडला गेला आहे. कमी पगाराचा भार मालकावर टाकू नका, सरकारने करातून भरून काढावा. अमेरिकेत १९७५ पासून असा कर-परतावा आहे. कमावत्या गरीब कुटुंबाचा कर शून्य असला तरी त्याला रक्कम हातात मिळते. आपल्याकडे तसं काही नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८७अ ची सूट फक्त लागू झालेल्या करातून वजा होते. वर्षाला सव्वा-दीड लाख कमावणाऱ्या बाईला कर शून्य, म्हणून सूटही शून्य. त्या परताव्याची जागा आपल्याकडे गृहलक्ष्मी, अन्नभाग्य (कर्नाटकातली तांदळाची योजना), लाडकी बहीण यांनी घेतली आहे. फरक एवढाच की त्या कामाशी जोडलेल्या नाहीत, घराशी जोडलेल्या आहेत.

या मार्गाची खरी दुखरी जागा म्हणजे मदतीचा काही भाग मालकाकडे सरकतो. अमेरिकेतल्या परताव्याविषयी जेसी रॉथस्टीन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सरकारने खर्चलेल्या एका डॉलरमागे कामगारांचं उत्पन्न ७३ सेंटने वाढतं; मजुरीचा दर दबल्यामुळे उरलेलं मालकांच्या पदरात पडतं. अण्णांचं वाक्य हा त्याच यंत्रणेचा बेळगावी अवतार होता. अण्णांनी तो अभ्यास वाचला नव्हता. ही ओढ कुणी न शिकवताच तयार होते. ब्रिटनने म्हणूनच १९९९ मध्ये आधी एप्रिलला राष्ट्रीय किमान वेतन आणलं आणि ऑक्टोबरला काम करणाऱ्या कुटुंबांसाठी वाढीव कर-मदत. खाली फरशी घातली, मग वरून ओतलं.

दुसरा पर्याय : चार बायका कमी करायच्या आणि उरलेल्या आठ जणींना पूर्ण दर द्यायचा. किमान वेतन वाढलं की रोजगार घटतो, हा आक्षेप इथे प्रत्यक्ष समोर उभा होता. यावर अर्थशास्त्रात अजून एकमत नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतल्या १९९२ च्या वाढीनंतर फास्ट फूडच्या दुकानांत रोजगार घटलेला आढळला नाही असं १९९४ मध्ये दाखवलं, आणि त्यावर वादही झाले. फौंड्रीत मात्र प्रश्न साधा होता. ६० टनांना लागणाऱ्या कोअर आठ जणींकडून होतील का? थोरल्या भावाने स्वतःच सांगितलं, पावसाळ्यात नाही होणार.

तिसरा पर्याय सीमेपलीकडे शिनोळीला जागा घेण्याचा. तो पाच मिनिटांत संपला. महाराष्ट्रातही किमान वेतन आहेच, आणि तिथला विशेष भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो.

चौथा : बाराही जणींना थेट हजेरीपटावर घेऊन पूर्ण दर, पीएफ, ईएसआय आणि बोनस. एका बाईमागे मासिक हिशेब असा निघाला. पगार १३,०००, मालकाचा पीएफ १२ टक्क्यांनी १,५६०, विमा व प्रशासन खर्च १ टक्का, १३०, ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४२३. एकूण १५,११३. आधी ठेकेदारासह १०,४०० जात होते. वाढ ४,७१३, त्यात बोनसचे ८.३३ टक्के म्हणजे १,०८३ मिळवले की ५,७९६. बारा जणींचे ६९,५५२. ऐकायला मोठी रक्कम, पण ६० टनांवर पसरली की किलोमागे १ रुपया १६ पैसे. महिन्याच्या ७२ लाखांच्या विक्रीत एक टक्क्यापेक्षा कमी.

करसवलतीचं मृगजळ

ओळखीच्या कुणीतरी धाकट्या भावाला सांगितलं होतं की नवे कामगार घेतले की १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०जेजेएए खाली त्यांच्या पगाराच्या ३० टक्के वजावट सलग तीन वर्षं मिळते. हे खरं आहे. अटीही त्यांना जमण्यासारख्या होत्या : पगार २५,००० च्या आत, पीएफमध्ये नोंद, पगार बँकेतून, वर्षात किमान २४० दिवस नोकरी. याच शेवटच्या अटीमुळे 'दिवाळीनंतर घेऊ' हा विचार मागे पडला. २४० दिवस त्याच आर्थिक वर्षात भरायचे तर ४ ऑगस्टपर्यंत नेमणूक हवी.

मग सनदी लेखापालाने ताळेबंद उघडला आणि सवलत हातातून गेली. ही वजावट ज्यांना कर-लेखापरीक्षण लागू आहे त्यांनाच मिळते. रोख देवघेव ५ टक्क्यांच्या आत असली की या लेखापरीक्षणाची मर्यादा १ कोटीवरून १० कोटी विक्रीवर जाते. या फौंड्रीची विक्री ८ कोटी ६४ लाख, रोख व्यवहार ५ टक्क्यांखाली. म्हणजे वजावट शून्य. स्वच्छ व्यवहार करणाऱ्या लहान कारखान्याला जी मदत मिळायला हवी, ती नेमकी त्याच्या डोक्यावरून मोठ्या कारखान्याकडे जाते. हा कायद्यातला दोष आहे, आणि लहान उद्योजकांच्या संघटनांनी तो मोठ्या आवाजात मांडायला हवा.

सवलत नाही म्हटल्यावर दिवाळीचा विषय पुन्हा निघाला. सल्लागाराने तेव्हा १९४८ चा किमान वेतन कायदा समोर ठेवला. कामगार दुसऱ्यामार्फत ठेवला तरी कायद्याच्या व्याख्येत मालक तोच. कलम २० खाली सहा महिन्यांपर्यंतच्या तुटीचा दावा करता येई आणि प्राधिकारी तुटीच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शके. कमी पगारावर कामगाराने स्वतः सही केली असली तरी कलम २५ खाली तो करार रद्दच. त्या बैठकीत १ जुलै ही तारीख ठरली.

काय केलं

१ जुलै २०२४ ला बाराही जणींना नेमणूकपत्रं दिली. पहिल्या महिन्यात अडचण आली ती नावांची. एकीच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. दुसरीचं आडनाव कानडी-इंग्रजी आधारवर एका स्पेलिंगने, चंदगडच्या बँक पासबुकात दुसऱ्याच. पीएफचा यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक) आधारशी जुळला नाही तर पुढे पैसे निघत नाहीत, म्हणून पाच जणींची दुरुस्ती आधी करून घेतली. त्यात तीन आठवडे आणि त्यांचे प्रत्येकी दोन रोज गेले. ते रोज भरून द्यायला हवे होते, दिले नाहीत.

मागील तूटही ठरली. जानेवारी ते मार्च जुन्या दराने १०५ रुपये आणि एप्रिल ते जून १२० रुपये, दर तिमाहीला ७८ दिवस. प्रत्येकी ८,१९० अधिक ९,३६०, एकूण १७,५५०. अर्धी रक्कम गणेश चतुर्थीच्या आधी, अर्धी दिवाळीला, दोन्ही बँकेतून.

पैसा कुठून आणायचा हे कामही याच काळात झालं. दोन मोठ्या गिऱ्हाइकांपुढे पगारपत्रक ठेवून किलोमागे १ रुपया १६ पैसे मागितले, ५० पैसे मिळाले. महिन्याचे ३०,०००. ओव्हरटाइम बंद केल्याने ११,४०० वाचले. आणि कोअर शॉपमध्ये माणसं टिकल्यावर रिजेक्शन ७ टक्क्यांवरून मार्चपर्यंत ६.१ वर आलं. वाया गेलेलं कास्टिंग पुन्हा वितळवता येतं, पण वीज, वाळू आणि मजुरी मिळून किलोमागे सुमारे ४० रुपये बुडतात. ५४० किलोंचे २१,६०० वाचले. उरलेले साडेसहा हजार मालकांच्या नफ्यातून.

ऑगस्टचा पगार

या प्रकरणात सर्वांत कठीण दिवस कुठला म्हणाल, तर पहिला बँकेतला पगार झाला तो. बायकांनी हिशेब केला होता ३,१२० वाढीचा. हातात आले ११,३४२, कारण पीएफचे १,५६० आणि ईएसआयचे ९८ कापले गेले. आधीच्या ९,८८० पेक्षा फक्त १,४६२ जास्त. ओव्हरटाइमचे ९५० गेले होते ते धरले तर वाढ उरली ५१२ रुपये. "वाढ म्हणालासा आणि ही कुठं गेली?" हा प्रश्न रास्त होता. कपात आधी समजावून न सांगणं ही मालक आणि सल्लागार दोघांचीही चूक. २० तास आता घरी मिळतात आणि पीएफ आणि त्याच्या पेन्शन योजनेत दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला तीन हजारांच्या वर जमा होतात, हे नंतर सांगून पटवायला दोन महिने लागले.

त्यापेक्षा खोल भीती शिधापत्रिकेची होती. कर्नाटकात बीपीएल कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख २० हजार. जुन्या रोजाने वर्षाचे होत १,१८,५६०. नव्याने १,५६,०००, आणि तेही बँकेत दिसणारे. दोघींनी निम्मा पगार रोखीत मागितला. त्यांची भीती पोकळ नव्हती. तेव्हा अन्नभाग्यात माणशी ५ किलो तांदूळ आणि उरलेल्या ५ किलोंचे १७० रुपये मिळत. पाच माणसांच्या घरात २५ किलो तांदूळ आणि ८५० रुपये. सरकारनेच धरलेल्या ३४ रुपये किलोच्या भावाने सगळं मिळून १,७००. हातातल्या १,४६२ च्या वाढीपेक्षा जास्त! अमेरिकेतला परतावा उत्पन्न वाढेल तसा हळूहळू उतरतो, दोन मुलांच्या कुटुंबाला वरच्या डॉलरमागे सुमारे २१ सेंटने. आपल्याकडे एका रुपयाने रेघ ओलांडली की सगळंच जातं. पूर्ण महिना किमान वेतनावर राबणारी एकटी बाईसुद्धा या रेघेच्या वर जाते, तर ही रेघच चुकीच्या जागी आहे.

रोखीची मागणी नाकारली गेली आणि ते बरोबरच होतं. सल्लागाराने कानडीतले आदेश वाचून मराठीत समजावले : गृहलक्ष्मी एपीएल कार्डावरही मिळते, ती बंद होते बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल तर; शक्तीचा प्रवास कार्डावर नाही, रहिवासावर आहे; धोका आहे तो फक्त तांदळाला. हे कळल्यावर दोघी थांबल्या. मार्च २०२५ पर्यंत कुणाचंही कार्ड गेलं नव्हतं.

निष्पत्ती

मार्च २०२५ ला बारापैकी अकरा जणी त्याच होत्या. फेब्रुवारीत एकीच्या मुलाच्या हाताची शस्त्रक्रिया ईएसआयमधून झाली आणि त्यानंतर ९८ रुपयांच्या कपातीबद्दल कुणी बोललं नाही. चंदगडच्या तिघींचा रोज आता इतरांएवढाच आहे. वडापचे ६० मात्र अजून खिशातूनच जातात.

जी एक गेली ती अंगावरचं मूल असलेली होती. ठेकेदाराकडे ती आठवड्यातले तीन-चार दिवस, कधी अर्धा रोज येई. पूर्ण हजेरीच्या शिस्तीत तिला बसवता आलं नाही. तिच्यासाठी वाढलेला रोज निरुपयोगी ठरला. तिला आधार होता तो सासूच्या खात्यातल्या दोन हजारांचाच. वेतनाची फरशी कामावर उभ्या असलेल्यालाच धरते. जी उभी राहू शकत नाही तिला सरकारी मदतच हवी, आणि ती तिच्या स्वतःच्या खात्यात.

वेगळं काय करता आलं असतं

कामाचा वर्ग तपासायला हवा होता. कोअर बनवणं आणि कास्टिंग छाटणं या दोन कामांना एकाच 'अकुशल' रांगेत बसवणं पटत नाही. अधिसूचनेतली पदनामं वाचून निदान जुन्या पाच जणींसाठी वरचा वर्ग मागायला हवा होता. मावशींनाही हे सुचलं नाही, कारण भिंतीवरचा दरफलक कानडी आणि इंग्रजीत होता.

अर्ध्या रोजाची नेमणूक शक्य होती. किमान वेतन तासांच्या प्रमाणात देता येतं आणि पीएफ-ईएसआयही त्या पगारावर कापता येतो. 'पूर्ण हजेरी नाहीतर काही नाही' ही अट कायद्याची नव्हती, शॉपच्या सवयीची होती.

मागील तूट दिली, पण त्या काळाचा पीएफ भरला नाही. ठेकेदारामार्फतचे कामगारही पीएफ कायद्यात मोडतात, त्यामुळे ती रक्कम व्याज आणि दंडासह अजून अंगावर आहे. चौकशीची वाट न पाहता ती भरून टाकणं स्वस्त पडेल.

आता हेच प्रकरण उभं राहिलं तर दोन गोष्टी बदललेल्या असतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे आणि तिच्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन वर्षं आहे. १७,५५० ची तूट मग त्याच्या कितीतरी पटीत मोजली जाईल. दुसरी, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नेमणुकांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला एका महिन्याचा पगार, १५,००० च्या मर्यादेत, दोन हप्त्यांत. आणि १० ते २० हजार पगाराच्या प्रत्येक वाढीव कामगारामागे मालकाला महिना २,००० रुपये. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला किमान दोन वाढीव माणसं लागतात आणि ती सहा महिने टिकायला हवीत. बारा जणींचे महिन्याला २४,००० होतात. उद्यमबागेत आजही ठेकेदाराच्या वहीत रोखीने चालणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांच्या मालकांनी हा हिशेब ३१ जुलै २०२७ च्या आत करावा. कच्चा माल म्हणून लागतात दोनच गोष्टी : चालू वर्षाची दराची अधिसूचना आणि प्रत्येकीच्या आधार-बँकेवरचं जुळणारं नाव.